तिघांचं पहिलं भाड्याचं घर: खोल्यांची बोली, ताब्याचे फोटो आणि मुदतीआधी निघालेला एक जण

तिघं जण मिळून एक घर भाड्याने घेतात. तिघांचीही घरच्यांपासून वेगळं राहायची पहिलीच वेळ. करार बारा महिन्यांचा, अनामत तीन महिन्यांच्या भाड्याइतकी. सातव्या महिन्यात एकाची नोकरी दुसऱ्या शहरात जाते, तो बाहेर पडतो आणि त्याच्या जागी नवी व्यक्ती येते. माणसं नमुन्यादाखल घेतली आहेत: अ आणि ब जुने मित्र-मैत्रीण, क हा ब च्या ओळखीतला, आणि पुढे येणारी ड. महिन्याचं भाडं १०० भाग धरलं आहे. कुठल्याही रकमेला हाच हिशेब लावता येईल.

घरात एक हॉल, स्वयंपाकघर आणि तीन खोल्या. मोठी खोली १४ बाय १२ फुटांची, स्वतःच्या बाथरूमसह. मधली १२ बाय १०. लहान १० बाय ९, स्वयंपाकघराला लागून. दुसरं बाथरूम सामाईक.

एकत्र राहताना सिंकमधल्या भांड्यांवरून कुरबुरी होतातच, आणि त्या बहुतेक वेळा निभावून जातात. घर मोडतं ते सही कुणाची, खोलीचं भाडं किती आणि निघणाऱ्याचं काय, या तीन प्रश्नांवरून. हे तिन्ही किल्ली हातात येण्याआधी मिटवता येतात. या तिघांनी पहिले दोन आधी मिटवले, तिसरा राहिला.

सही कुणाची

करार दोन तऱ्हेचा असू शकतो. तिघांचा मिळून एक, किंवा घरमालकाशी प्रत्येकाचा खोलीपुरता वेगळा. एकत्र करारात बहुधा संयुक्त आणि वैयक्तिक जबाबदारीचं कलम असतं. त्याचा अर्थ असा की एकाने भाडं थकवलं तर मालक उरलेल्यांपैकी कुणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो. ‘मी माझा हिस्सा दिलाय’ हे उत्तर मालकापुढे चालत नाही. वेगळ्या करारात ही जोखीम नसते, पण रिकाम्या खोलीत कोण येणार हे मालक ठरवतो.

तिसरी तऱ्हा सगळ्यात वाईट आणि पहिल्यांदा घर घेणाऱ्यांत सगळ्यात जास्त दिसणारी: एकाच्या नावावर करार, बाकीचे दोघं ‘आपलेच’. नाव असलेल्यावर सगळा बोजा, नाव नसलेल्यांना घरात राहण्याचा कागदोपत्री आधार नाही. या प्रकरणात मालकाने अ च्या एकटीच्या नावावर करार सुचवला होता, ‘सोपं पडेल’ म्हणून. सोपं मालकाला पडलं असतं. तिघांची नावं घालून घेतली ते बरं झालं.

सहीआधी चार कलमं शोधून वाचायची: मुदत संपण्याआधी एकालाच बाहेर पडता येतं का, भाडेकरू बदलायला मालकाची संमती कशी घ्यायची, नोटीस किती दिवसांची, आणि अनामत किती दिवसांत व कोणत्या वजावटींनंतर परत मिळते. इथे दुसऱ्या कलमात ‘लेखी संमतीने’ एवढाच उल्लेख होता आणि पहिलं कलम नव्हतंच. तिघांच्याही ते लक्षात आलं नाही.

कोणती खोली, किती भाडं

सगळ्यांनी सारखं द्यायचं ठरलं असतं तर प्रत्येकी ३३.३ भाग. मग तिघांनाही मोठी खोली हवी होती, आणि चिठ्ठी टाकून ज्याला लहान खोली आली असती तो वर्षभर मनात कुढत राहिला असता.

दुसरा मार्ग क्षेत्रफळाचा. खोल्या १६८, १२० आणि ९० चौरस फूट, एकूण ३७८. सगळं भाडं या प्रमाणात वाटलं तर ४४.४, ३१.७ आणि २३.८ भाग पडतात. पण हॉल आणि स्वयंपाकघर तिघंही सारखंच वापरतात. म्हणून निम्मं भाडं समान आणि निम्मं क्षेत्रफळानुसार धरलं तर ३८.९, ३२.५ आणि २८.६. हे बरं आहे, फक्त फूटपट्टीला स्वतंत्र बाथरूमची किंमत कळत नाही. स्वयंपाकघरातून रात्री येणारा मिक्सरचा आवाज कुणाला किती त्रास देतो, तेही नाही.

तिघांनी बोलीचा मार्ग घेतला. प्रत्येकाने एकमेकांना न दाखवता तिन्ही खोल्यांना आपल्या लेखी किती किंमत आहे ते कागदावर लिहायचं. अट एकच, तीन आकड्यांची बेरीज १०० झाली पाहिजे. कागद एकदम उघडले ते असे:

अ: मोठी ४६, मधली ३२, लहान २२
ब: मोठी ४२, मधली ३६, लहान २२
क: मोठी ४०, मधली ३०, लहान ३०

आता खोल्या अशा वाटायच्या की बोलींची बेरीज सगळ्यात मोठी यावी. अ ला मोठी, ब ला मधली, क ला लहान दिली की ४६ + ३६ + ३० = ११२. दुसरी कुठलीही वाटणी याच्या खाली राहते. अ आणि ब च्या खोल्यांची अदलाबदल केली तर १०४ होतात. भाडं १००, म्हणजे १२ भाग जास्त. ते तिघांत सारखे वजा करायचे, प्रत्येकी ४. अंतिम भाडं: मोठी ४२, मधली ३२, लहान २६.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. प्रत्येकाने दुसऱ्याच्या खोलीकडे नव्या भाड्याने पाहायचं. ब च्या लेखी मोठी खोली ४२ ची आणि तिचं भाडंही ४२, म्हणजे फायदा शून्य. स्वतःच्या खोलीत त्याचा फायदा ४. क ला मोठी आणि मधली दोन्ही दोन-दोन भागांनी महाग पडतात. अ ला मधलीत शून्य, लहानीत चारचा तोटा. कुणालाच दुसऱ्याची खोली आपल्यापेक्षा फायद्याची दिसत नाही, म्हणून वाटणी पक्की. सारखी वजाबाकी केल्यावर दर वेळी असंच होईल याची हमी नाही. कुणाला शेजारची खोली जास्त फायद्याची वाटली तर तिचं भाडं थोडं वाढवून त्याच्या खोलीचं तेवढंच कमी करायचं आणि पुन्हा तपासायचं. कुणालाही दुसऱ्याची खोली हवीशी वाटू नये अशी वाटणी साध्या अटींखाली नेहमी सापडते, हे फ्रान्सिस सू या गणितज्ञाने १९९९ मध्ये जर्मन गणितज्ञ स्पर्नर यांच्या १९२८ सालच्या प्रमेयिकेवरून (छोट्या सहायक प्रमेयावरून) दाखवून दिलं. तीन खोल्यांसाठी मात्र कागद-पेन पुरतं.

बोलीत लबाडी करता येते का? येते. ब आणि क ठरवून मोठ्या खोलीची बोली मुद्दाम फुगवू शकले असते. पण फुगवलेली बोली गळ्यात पडली तर खोलीही घ्यावी लागते आणि भाडंही, म्हणून तीन माणसांत हा खेळ सहसा कुणी खेळत नाही.

अनामतही याच प्रमाणात भरली: अ १२६, ब ९६, क ७८, एकूण ३०० भाग. हे प्रमाण कराराच्या प्रतीवर लिहून तिघांनी खाली सह्या केल्या. पुढे सातव्या महिन्यात याच चार ओळींनी वाद वाचवला.

ताब्याचा दिवस

सामान आत येण्याआधीच घराची नोंद करायची, कारण पलंग भिंतीला लागला की मागची ओल फोटोत येत नाही. प्रत्येक खोलीत दारापासून सुरू करून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सलग व्हिडिओ घ्यावा. छत आणि फरशी त्यात आलीच पाहिजे. मग प्रत्येक डागाचे दोन फोटो: एक दुरून, भिंत ओळखू येईल असा, आणि एक जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. नुसते जवळचे फोटो वर्षभराने निरुपयोगी ठरतात. भेग दिसते, पण ती कुठल्या खोलीतली हे सांगता येत नाही.

हे फोटो चॅटवरून पाठवून तेवढ्यावर थांबू नये. चॅट अ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, आणि फोटोत साठलेली तारीख-वेळेची माहितीही बहुधा गळून पडते. मूळ फाइली सामाईक फोल्डरमध्ये ठेवायच्या आणि त्याच दिवशी मालकाला ईमेल करायचा: दोषांची यादी, वीज-पाणी-गॅसच्या मीटरचं रीडिंग, मिळालेल्या किल्ल्यांची संख्या. ‘मिळालं’ एवढं उत्तर आलं तरी पुरे.

याच फेरीत करून पाहायच्या गोष्टी: शॉवर चालू ठेवून फ्लश करायचा आणि पाण्याचा जोर किती पडतो ते बघायचं. सिंक गच्च भरून एकदम सोडायचं आणि खालच्या पाइपच्या सांध्यांवरून कोरडा कागद फिरवायचा. थेंबभर गळतीही कागदावर उमटते. विजेच्या पेटीतल्या गळती-रोधक स्विचचं (वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या आरसीसीबीचं) चाचणी बटण दाबायचं, स्विच लगेच पडला पाहिजे. नाही पडला तर मालकाला सांगून इलेक्ट्रिशियन येईपर्यंत गिझर लावायचा नाही. गिझर गॅसवरचा असेल आणि बाथरूममध्ये हवा जायला-यायला वाट नसेल तर तो मुळीच वापरू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि चक्कर येते तोवर उशीर झालेला असू शकतो. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते तिघांनीही हाताने फिरवून पाहायचं. पाइप फुटतो तेव्हा माहीत असलेला माणूस नेमका बाहेर असतो.

मुख्य दाराच्या किती किल्ल्या आधीच्या भाडेकरूंकडे राहिल्या असतील ते मालकालाही ठाऊक नसतं. कुलपाचं पूर्ण लॅच बदलायची गरज नसते. बऱ्याच कुलपांत सिलिंडर, म्हणजे किल्ली घालायचा भाग, एका लांब स्क्रूवर असतो, तेवढाच मालकाला विचारून बदलता येतो. जुना सिलिंडर जपून ठेवायचा आणि जाताना परत बसवायचा किंवा नव्याच्या सगळ्या किल्ल्या द्यायच्या.

सामान

फ्रिज दारात अडकतो तेव्हा चूक फ्रिज मोजण्यात नसते, दार मोजण्यात असते. चौकट ७५ सेंटिमीटर असली तरी ९० अंशात उघडलेल्या दाराची जाडी त्यातून वजा होते. साडेतीन सेंटिमीटरचं दार असेल तर उरतात साडेएकाहत्तर, आणि दोन्हीकडे बोटं जायला जागा लागतेच. बिजागरीची पिन काढून दार उतरवलं की ती जागा परत मिळते. फ्रिज आडवा आणला असेल तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळीत उतरतं. जितका वेळ आडवा होता निदान तितका वेळ उभा ठेवून मगच सुरू करायचा. लांबचा प्रवास असेल तर एक दिवस थांबलेलं बरं.

वॉशिंग मशीन तिघांत मिळून जुनं घेतलं, ६० भागांना. समोरून कपडे टाकायचं मशीन हलवताना मागून तीन-चार लांब बोल्ट लावून ड्रम बांधून ठेवावा लागतो. विकणाऱ्याकडे बोल्ट नव्हते. ड्रम वाटेत आपटत आला, आणि पहिल्याच स्पिनला मशीन जागेवरून सरकू लागलं. आधारासाठी लावलेल्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरपैकी एक निकामी झालेला निघाला. उलटी चूकही होते: नव्या मशीनचे बोल्ट न काढता सुरू करायचं. लक्षणं जवळपास सारखीच, नुकसान तसंच.

सामाईक पैशातून मोठी वस्तू घेऊच नये असं आमचं मत आहे. एकाने फ्रिज घ्यावा, एकाने मशीन, एकाने राऊटर आणि गॅसची शेगडी. ज्याची वस्तू तो ती घेऊन जाईल. घेतलीच, तर घसारा त्याच दिवशी ठरवायचा. इथे ६० महिन्यांत किंमत शून्यावर, म्हणजे दरमहा एक भाग उतरेल, असं लिहून ठेवलं होतं.

दर महिन्याचे पैसे

भाड्याची तारीख ५, आणि क चा पगार ७ तारखेला. पहिले दोन महिने अ ने त्याचे पैसे भरले, तिसऱ्या महिन्यात आवाज चढले. क बेजबाबदार नव्हता, तारखा जुळत नव्हत्या. तोडगा असा: क ने एकदा जोर लावून एक महिन्याचा हिस्सा आगाऊ सामाईक खात्यात ठेवायचा आणि त्यानंतर नेहमी पुढच्या महिन्याचं भाडं भरत राहायचं. मालकाला तारीख १० करायला सांगणं त्याहून सोपं होतं, पण ते सहीआधी.

वीजबिलाचा घोळ एसीचा. एसी फक्त क च्या खोलीत. एका उन्हाळी महिन्यात २४० युनिट झाले. प्लगला लावायच्या छोट्या मीटरने एसीचा वापर मोजला तो ११७ युनिट, म्हणजे साधारण ०.९ किलोवॉट, रोज पाच तास, २६ दिवस. उरलेले १२३ तिघांत, प्रत्येकी ४१. क चे झाले १५८. सारखी वाटणी केली असती तर प्रत्येकी ८०, आणि अ व ब ने क ची गार झोप पोसली असती. मीटर न लावता एसीवर लिहिलेल्या वॉटवरून अंदाज बांधू नये; इन्व्हर्टर एसी खोली गार झाल्यावर वीज फार कमी ओढतो, आणि मग अन्याय क वर होतो. वापर वाढला की युनिटचा दरही चढत असेल तर रक्कम या युनिटांच्या प्रमाणात वाटावी.

साफसफाईचं वेळापत्रक सगळे करतात आणि ते सगळ्यांचं मोडतं, कारण ‘स्वयंपाकघर साफ’ याचा अर्थ कुठे लिहिलेला नसतो. तो असा लिहावा: ओटा पुसलेला, सिंक रिकामं, कचऱ्याची पिशवी बदललेली, रविवारी रात्री दहापर्यंत. पाहुण्यांबाबत सलग दोन रात्रींपेक्षा जास्त असेल तर आधी विचारायचं, एवढा एक नियम पुरला.

सातवा महिना

ब ने सांगितलं, महिनाभरात निघतोय. त्याच्या मते अनामतीचे ९६ भाग मालकाने द्यायचे. मालकाचं म्हणणं, करार तिघांचा, मुदत संपल्याशिवाय मी काही देत नाही. एकत्र करारात मालकाचं हे उत्तर अपेक्षितच असतं. अनामत घराची आहे, ती मालकाकडेच राहते. आत येणारा बाहेर जाणाऱ्याला पैसे देतो, आणि मालकाकडच्या ३०० भागांना कुणी हात लावत नाही.

पण आकडा ९६ च का? मधल्या काळात ओट्याच्या दगडाला तडा गेला होता. तो कुणी घातला ते कळलं नाही, दुरुस्ती ६ भागांची. आज त्याकडे काणाडोळा केला तर वर्षाअखेर कापली जाणारी रक्कम ड च्या माथी येते, आणि तडा तर तिने पाहिलेलाही नाही. म्हणून ब निघायच्या आधी तिघांनी ताब्याच्या दिवशीचे फोटो हातात घेऊन पुन्हा घरभर फेरी मारली. तडा सोडून काही नवं नव्हतं. ब चा त्यातला हिस्सा २. ड ने पूर्ण ९६ भरले: ९४ ब ला, २ सामाईक खात्यात. वॉशिंग मशीनची सात महिन्यांनंतरची किंमत ५३, तिचा तिसरा हिस्सा १७.७, तेही ड ने ब ला दिले.

ड येण्याआधी अ आणि क ला विचारलं गेलं की मधली खोली हवी आहे का. जुन्यांना आधी संधी, मग उरलेली खोली नव्याला. दोघांनी नको म्हटलं आणि ३२ चा दर तसाच राहिला.

चूक झाली ती क्रमात. ब ने १ तारखेला ड कडून पैसे घेऊन किल्ली दिली, आणि मालकाची संमती आली २२ तारखेला. हे एकवीस दिवस तिघांनाही महाग पडू शकले असते. कागदावर ब अजून भाडेकरू, म्हणजे भाडं थकलं तर मालक दुसऱ्या शहरात गेलेल्या ब च्या मागे लागू शकतो. ड ने पूर्ण अनामत भरलेली, पण घरात राहायचा तिच्याकडे कागद नाही. मालक नाही म्हणाला असता तर ब ला पैसे परत करावे लागले असते, आणि ते त्याने नव्या घराच्या अनामतीत भरलेले होते. बरोबर क्रम असा: आधी मालकाची लेखी संमती, मग ब चं नाव वगळून ड चं घालणारं पुरवणी पत्र चौघांच्या आणि मालकाच्या सह्यांनिशी, त्याच दिवशी मीटरचं रीडिंग आणि पैशांची देवघेव, आणि सगळ्यात शेवटी किल्ली. पुरवणी पत्रात ‘या तारखेनंतरच्या भाड्याची व नुकसानीची जबाबदारी ब वर नाही’ हे वाक्य ब ने मागून घ्यायला हवं, कारण ते आपणहून कुणी घालत नाही.

नवीन माणूस शोधायचा कुणी, हाही प्रश्न होताच. ब म्हणाला, राहणारे तुम्ही, तुम्ही शोधा. अ आणि क म्हणाले, जाणारा तू. दोन्ही बाजूंना पटेल असं इतकंच ठरलं: माणूस शोधणं आणि तो मिळेपर्यंतचं भाडं जाणाऱ्याकडे, नकाराचा हक्क राहणाऱ्यांकडे, पण योग्य वाटावेत अशा तिघांना नाकारल्यावर रिकाम्या खोलीचं भाडं राहणारे उचलतील. शेवटची अट नसती तर राहणाऱ्यांना घाई करायचं कारणच उरत नाही. हे पहिल्या दिवशी कराराच्या प्रतीवर लिहिलं असतं तर दोन आठवड्यांचे टोमणे वाचले असते.

बाराव्या महिन्यात मालकाने ओट्याचे ६ भाग कापले. भिंतींच्या रंगाचेही ८ मागितले होते. फिकट झालेला रंग ही नेहमीची झीज आहे, आणि हॉलच्या भिंतीवरचे खिळ्यांचे व्रण पहिल्या दिवशीच्या ईमेलमध्ये फोटोसकट होते. ते ८ सोडून दिले गेले. परत आले २९४, सामाईक खात्यात २, एकूण २९६. त्यातले ड ला ९६, अ ला १२४, क ला ७६.